त्र्याऐंशी विरुद्ध शहाऐंशी

ठरत आलेलं लग्न कशावरून मोडावं याला काही धरबंध नसतो. मानपानावरून मोडतं, कुणाच्या तरी आत्याला चहा थंड मिळाला म्हणून मोडतं, एका ठिकाणी तर मुलाच्या काकांनी घोरण्याबद्दल खरं ते सांगितलं म्हणून मोडलं होतं. पण सिनेमांच्या सालावरून मोडायला आलेलं लग्न आजवर एकच, आणि ते दाखलेसाहेबांच्या मुलीचं.

दाखले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क होते आणि बत्तीस वर्षं लोकांना दाखले देऊन देऊन त्यांचं मूळ आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. या नोकरीने त्यांच्या स्वभावाला एक वळण लागलेलं होतं. समोर धडधाकट माणूस उभा असला, तरी कागद पाहिल्याखेरीज तो जन्मला आहे असं ते धरून चालत नसत. बायकोला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतानासुद्धा "नोंदीप्रमाणे आज ना?" असं विचारून घेत.

तर एका रविवारी मुलीचे होणारे सासरे मुलाला घेऊन घरी आले. हे गावातले दंतवैद्य. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा, तो पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर. मुलगा आणि मुलगी एकमेकांना दोन वर्षं ओळखत होती, त्यामुळे त्यांचं सगळं आधीच ठरलेलं होतं. आता फक्त वडीलधाऱ्यांना आपण ठरवलं असं वाटू द्यायचं बाकी होतं. तेही सुरळीत चाललं होतं. लग्न रजिस्टर पद्धतीने करायचं, जेवायला मोजकी माणसं बोलवायची, उगाच थाटमाट नको. दोन्ही बाजू इतक्या समजूतदार निघाल्या की चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत बोलायला विषयच उरला नाही. आणि घात झाला तो तिथेच. शेजारच्या घरात टीव्हीवर कसलासा जुना सिनेमा लागला होता, तो ऐकून डॉक्टर मान डोलवत म्हणाले, "सिनेमे पाहावेत तर ऐंशीच्या दशकातले. आणि त्यातही शहाऐंशी सालचे. तसं साल पुन्हा झालं नाही."

"त्र्याऐंशी," दाखलेसाहेब म्हणाले.

अर्जात कुणी चुकीची तारीख घातली की ती दुरुस्त करताना त्यांचा जो आवाज लागायचा, तोच लागला होता. डॉक्टर हसले. "नाही, शहाऐंशी."

"त्र्याऐंशी."

"अहो, मी तेव्हा दर शुक्रवारी टॉकीजला असायचो!"

"मी रोज असायचो," दाखलेसाहेब म्हणाले. त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे जरा चमकून पाहिलं, पण पाहुण्यांसमोर काय बोलायचं म्हणून ती बिस्किटं आणायला आत गेली. ती बाहेर येईपर्यंत डॉक्टर बूट घालत होते. "ज्याला चांगलं साल कळत नाही त्याला चांगलं स्थळ काय कळणार," असं काहीतरी ते जिन्यात बोलले, आणि दाखलेसाहेबांनी वरून खाली ऐकू जाईल अशा बेताने उत्तर दिलं, की लोकांच्या तोंडात बघून बघून काही माणसांना समोरच्या पडद्यावर काय चाललंय हे दिसेनासं होतं. होणारे जावई दोघांच्या मध्ये एका पायरीवर उभे होते. त्यांना वर जावं की खाली, हे बराच वेळ कळेना.

त्या जावयांची बदली झाली होती. पुढच्या एक तारखेला त्यांना तीन वर्षांसाठी लांब जायचं होतं, आणि लग्न करून दोघांनी जायचं असं ठरलेलं होतं. मुलीने त्या संध्याकाळी वडिलांना सरळ सांगितलं, "बाबा, आम्ही दोघं जाऊन सही करायला मोकळे आहोत. पण माझ्या लग्नाला तुम्ही आणि त्याचे बाबा, दोघंही हवे आहात, आणि एकमेकांशी बोलणारे हवे आहात. ते जमत नसेल तर तो एकटा जाईल. मी इथेच राहीन, तुमच्यासोबत, तुमचं त्र्याऐंशी सांभाळत."

मुलगी हा दाखलेसाहेबांचा जीव की प्राण होता. पण साल बदलणं ही गोष्ट त्यांनी नोकरीत कधी केली नव्हती, मंत्र्याच्या भाच्यासाठीसुद्धा केली नव्हती. "मी पुरावा आणतो," ते म्हणाले. "कागद पाहिल्यावर डॉक्टर मान्य करतील. सुशिक्षित माणूस आहे." मुलीने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीत सल्ल्यांचा पूर आला. खालच्या मजल्यावरचे विमा एजंट कुणाच्याही घरातलं भांडण आपलंच समजत. ते कॅल्क्युलेटर घेऊनच वर आले. "साहेब, त्र्याऐंशी आणि शहाऐंशीची सरासरी काढू. साडेचौऱ्याऐंशी येते. म्हणजे चौऱ्याऐंशीच्या जुलैपासून सर्वोत्तम साल सुरू झालं असं दोघांनीही मान्य करायचं. कुणाची मान खाली जात नाही."

"चौऱ्याऐंशीच्या जुलैत काय लागलं होतं?" दाखलेसाहेबांनी विचारलं.

"ते मला काय माहीत? पण माझं विचाराल तर एकोणनव्वदसारखं साल नाही."

हे एकोणनव्वद त्यांना तेव्हाच सुचलं असावं, पण एकदा तोंडातून गेल्यावर त्यांनी ते सोडलं नाही. पहिल्या मजल्याने त्यांची बाजू घेतली, दुसऱ्याने त्र्याऐंशी धरलं, तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणक्लासवाल्या बाईंनी ब्याऐंशीचा झेंडा एकटीने लावून धरला. दोन कुटुंबांचं एकमेकांकडे विरजण मागणं बंद झालं. आठवड्याच्या आत सेक्रेटरींना खाली फलक लावावा लागला: "जिन्यात सालांवर चर्चा करू नये. पाण्याच्या टाकीजवळ करावी." यात गंमत अशी, की एवढ्या वादात कुणीही एकाही सिनेमाचं नाव घेतलं नव्हतं. कुणाला तशी गरजच वाटली नाही.

दाखलेसाहेबांनी रजा टाकली आणि सार्वजनिक वाचनालय गाठलं. तिथे जुनी वर्तमानपत्रं वर्षवार बांधून ठेवलेली होती. त्र्याऐंशीचा गठ्ठा काढायचा, कोणते सिनेमे लागले होते ते उतरवून घ्यायचं, वाचनालयाचा शिक्का मारून घ्यायचा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा, असा सरळ हिशोब होता. ग्रंथपालबाईंनी अर्ज पुढे केला. 'उद्देश' या रकान्यात दाखलेसाहेबांनी 'मुलीचे लग्न' असं लिहिलं.

"लग्नासाठी जुने पेपर मिळत नाहीत," बाई म्हणाल्या. "रद्दीवाल्याकडे बघा."

"संशोधन आहे."

"मग तसं लिहा. आणि वयाचा पुरावा जोडा. जन्माचा दाखला चालेल."

आयुष्यात पहिल्यांदा दाखलेसाहेबांकडे कुणीतरी त्यांचा स्वतःचा दाखला मागितला होता. स्वतःच्या कार्यालयात जाऊन स्वतःचा दाखला काढावा, तर स्वतःच्या दाखल्यावर स्वतः सही करता येत नाही, हा नियम त्यांनीच एका परिपत्रकातून शोधून काढून भिंतीवर लावलेला. त्यामुळे सही ज्युनियर क्लार्कची लागणार होती. तो त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं बोलणी खात आलेला. दाखलेसाहेब खिडकीबाहेर रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा ज्युनियरने चष्म्यावरून पाहिलं आणि अतिशय नम्रपणे सांगितलं, "अर्ज निळ्या शाईत आहे. काळ्या शाईत करून उद्या या." हे वाक्यही मूळचं दाखलेसाहेबांचंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं की उद्या म्हणजे जेवणाच्या सुट्टीनंतर, आणि तिसऱ्या दिवशी कळलं की जेवणाची सुट्टी किती मोठी असते.

चौथ्या दिवशी दाखला घेऊन ते वाचनालयात पोहोचले. बाईंनी तो उलटसुलट पाहिला, फाइलला लावला, आणि म्हणाल्या, "त्र्याऐंशीचा गठ्ठा बाइंडिंगला गेलाय."

"कधी येईल?"

"एक्याण्णव साली गेलाय. येईल तेव्हा येईल. शहाऐंशीचा आहे, तो देऊ?"

शत्रूचा गठ्ठा होता. पण रिकाम्या हाताने परतणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून शहाऐंशी किती वाईट होतं हे तरी सिद्ध करावं अशा इराद्याने दाखलेसाहेब तो उघडून बसले. पान उलटावं तर जाहिरात, पान उलटावं तर जाहिरात. एकेका सिनेमाचा पंचविसावा आठवडा, तिसावा आठवडा. साल चांगलंच होतं. इतकं चांगलं, की दाखलेसाहेब संध्याकाळपर्यंत दातांवर दात आवळून बसले होते, आणि डिसेंबरात पोहोचता पोहोचता त्यांच्या उजव्या दाढेतून कट् असा आवाज आला.

रात्रभर तळमळले. लवंग झाली, मिठाचं पाणी झालं, विमा एजंट येऊन दाताचा विमा काढला नसल्याबद्दल हळहळून गेले. गावात दंतवैद्य दोन. त्यातला दुसरा आपल्या मुलीकडे परगावी गेलेला, पंधरा दिवसांनी येणार. सकाळी गालाला रुमाल बांधून दाखलेसाहेब डॉक्टरांच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढले, तेव्हा आपण शरण चाललोय असं कुणाला वाटू नये म्हणून ते मुद्दाम ताठ चालत होते. रुमालामुळे ते फारसं जमत नव्हतं.

"बसा," डॉक्टर म्हणाले. "आ करा. अजून मोठा. हं. आता बोलू आपण."

बोलणार एकटे डॉक्टरच होते. दाखलेसाहेबांच्या तोंडात कापूस, आरसा, एक नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं. "शहाऐंशी सालीच मी हा दवाखाना टाकला," डॉक्टर सांगू लागले. "टॉकीजच्या अगदी समोर. त्या वर्षी काय एकेक मारामारीचे सिनेमे आले! खेळ सुटला की पोरं बाहेर येऊन तेच करून बघायची. आठवड्याला सात-आठ दात हमखास. मी उभा राहिलो तो त्या सालामुळे, दाखलेसाहेब. ते वाईट आहे असं तुम्ही म्हणता?"

दाखलेसाहेबांनी आधी आठ बोटं वर केली, मग तीन.

"आठ-तीन? आता हलू नका, सुई आहे."

त्यांनी पुन्हा आठ बोटं केली, आणि तीन बोटं अशी काही झटक्यात वर केली की डॉक्टरांचा चष्मा उडाला. दाढ निघाली. ती बशीत टाकत डॉक्टर म्हणाले, "रविवारपर्यंत मला लेखी हवं. त्र्याऐंशी म्हणणं ही माझी चूक होती, एवढंच एक वाक्य, खाली सही. नाहीतर माझा मुलगा एक तारखेला एकटा जाईल." दाखलेसाहेबांना उत्तर द्यायचं होतं. पण अर्धं तोंड बधिर होतं आणि त्यातून नुसतीच लाळ आली. इतका अपमान त्यांचा बत्तीस वर्षांत झाला नव्हता.

मुलगी मात्र रविवारची वाट पाहत बसली नाही. तिने आणि जावयांनी मिळून पंच शोधून काढला. गावातली एकुलती टॉकीज केव्हाच बंद पडून तिथे फर्निचरचं दुकान झालं होतं, आणि तिथल्या जुन्या ऑपरेटरला, म्हणजे वर कोठडीत बसून सिनेमा दाखवणाऱ्या माणसाला, मालकाने सोफ्यांवर लक्ष ठेवायला ठेवून घेतलं होतं. ऐंशीच्या दशकातला एकेक खेळ त्याच्या हातून गेलेला. त्याचा निर्णय दोघांनाही मान्य, असं दोघांकडून वदवून घेण्यात आलं.

रविवारी सकाळी दुकान उघडण्याआधी मंडळी जमली. दाखलेसाहेब, गालाला रुमाल अजून तसाच बांधलेला, आणि त्यांची बायको प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या सोफ्यावर बसले. जरा हललं की तो कुरकुरायचा, त्यामुळे दाखलेसाहेबांच्या प्रत्येक मुद्द्याआधी सोफाच बोलायचा. डॉक्टर फिरत्या खुर्चीवर होते. मुलगी आणि जावई एका दुमजली पलंगाच्या खालच्या मजल्यावर माना वाकवून बसले. ऑपरेटर वाळक्या अंगाचे म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी एक स्टूल ओढून घेतलं.

"साल मी सांगणार नाही," ते म्हणाले. "मी विचारणार. ज्याने नीट पाहिलंय त्याचं साल. आधी त्र्याऐंशीवाले. त्या वर्षी दिवाळखोर सावकाराचा एक मोठा सिनेमा आला होता, आठवतो? शेवट सांगा."

दाखलेसाहेब सरसावून बसले. सोफा कुरकुरला. "आधी काच फुटते. मग घोड्याच्या टापा. मग तीन गोळ्या. बाई 'नाही' म्हणून ओरडते. मग खलनायकाची किंकाळी, लांबत जाणारी, आणि धप्प!"

"वा!" ऑपरेटर खूश झाले. "तंतोतंत. तो पडतो कशावरून?"

"गच्चीवरून."

ऑपरेटर थांबले. "कड्यावरून पडतो, साहेब. गच्चीवर घोडा कसा जाईल?"

दाखलेसाहेब गोंधळले. त्यांच्या डोळ्यांसमोर तो घोडा गेली सत्तावीस वर्षं गच्चीवरच होता. जिना चढून वर आलेला, पांढरा.

"बरं, दुसरा घ्या. तो तुरुंगातल्या माणसाचा. त्यात हिरो किती?"

"एक! काय काम केलंय! तासन्तास एकटाच स्वतःशी बोलतो, स्वतःलाच शिव्या देतो, स्वतःचीच समजूत काढतो. असा सिनेमा पुन्हा झाला नाही. म्हणून तर म्हणतो मी त्र्याऐंशी."

"डबल रोल होता तो," ऑपरेटर हळूच म्हणाले. "दोन जुळे भाऊ."

डॉक्टरांची खुर्ची अर्धी फिरून थांबली. "यांनी पाहिलेच नाहीत!" ते ओरडले. "एकही पाहिलेला नाही! ऐकीव माणूस! यांच्यासाठी मी आठवडाभर रक्त आटवलं?"

खरं तर दाखलेसाहेबांनाही ते आत्ताच कळत होतं. सगळे सिनेमे त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख होते, माणसांच्या चेहऱ्यांसकट. पण ते चेहरे त्यांनी स्वतःच लावले होते. त्यांनी खिशातून कागद काढला, मांडीवर ठेवला आणि पेनाचं टोपण उघडलं. 'त्र्याऐंशी म्हणणे ही माझी' इथपर्यंत लिहून झालं, आणि बायकोने पेन काढून घेतलं.

"पुरे," ती म्हणाली. "डॉक्टर, ऐका आता. त्र्याऐंशीच्या जानेवारीत ही झाली. आम्ही तेव्हा याच टॉकीजच्या मागच्या बोळात राहायचो, एका खोलीत. बाळंतपणानंतर मला उठवत नव्हतं वर्षभर. ही संध्याकाळी सहाला जी भोकाड पसरायची, ती कशाने म्हणून गप्प व्हायची नाही. एक दिवस हे तिला घेऊन टॉकीजच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. आतून आवाज येत होता, तो ऐकून ही झोपली. मग रोज तेच. ऑफिसातून आले की चहासुद्धा न घेता हिला खांद्यावर टाकायचे आणि सहा ते नऊ त्या भिंतीपाशी उभे. तिकीट काढून आत जायचे म्हणाल तर एकदाही नाही. सगळं वर्ष उभ्याने ऐकलं यांनी."

डॉक्टरांचा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याची आई गेली होती. त्याला एकट्याने झोपवणं काय असतं, ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी खुर्ची ऑपरेटरकडे फिरवली. "ऑपरेटर, लिहा. त्र्याऐंशी."

"ते चालणार नाही," दाखलेसाहेब ताडकन म्हणाले.

"का?"

"न पाहिलेले सिनेमे धरता येत नाहीत. नोंद खोटी होईल. शहाऐंशी लिहा."

"अहो, मी त्र्याऐंशी म्हणतोय ना!"

"तुम्ही म्हणून काय होतंय? मी गठ्ठा वाचलाय. शहाऐंशी!"

"त्र्याऐंशी! माझ्या मुलाच्या लग्नात मी दुसरं साल ऐकून घेणार नाही!"

दोघंही उभे राहिले होते. मुलगी पलंगातून बाहेर आली, तिचे डोळे भरले होते आणि हसूही आवरत नव्हतं. तिने वडिलांना हाताला धरून खाली बसवलं. "बाबा, मी कशाला झोपायचे?"

दाखलेसाहेबांचा सगळा आवेश उतरला. "मारामारी लागली की गाढ," ते म्हणाले. "गाण्याला चुळबुळ करायचीस. मध्यंतर झालं आणि आवाज थांबला, की मग टाहो. पण मध्यंतर लहान असायचं त्या वर्षी. माझं नशीब."

ऑपरेटर आपल्या हातांकडे बघत बसले होते. "चार मिनिटांचं असायचं," ते म्हणाले. "मालकांनी मला दोनदा ताकीद दिली त्यावरून. कँटीनवाला तर मारायलाच आला होता, चार मिनिटांत कुणाचा चहा होतो? पण माझ्या कोठडीची मागची खिडकी त्या बोळात उघडायची. मी यंत्र थांबवलं की खाली कुणाचं तरी पोर असं रडायचं, असं रडायचं, की मला बसवत नसे. म्हटलं, लोक चहा घरी पितील. चालू करून टाकायचो."

जावयांनी पिशवीतून लग्नाच्या नोंदणीचा अर्ज काढला. साक्षीदारांच्या तीन जागांपैकी दोन वडिलांसाठी होत्या, तिसरीवर अजून कुणाचं नाव नव्हतं. मुलीने तो अर्ज ऑपरेटरांपुढे धरला आणि त्या जागेवर बोट ठेवलं. म्हाताऱ्यांनी पेन हातात घेतलं, चष्मा नव्हता म्हणून कागद लांब धरला, आणि दाखलेसाहेबांना विचारलं, "साहेब, सहीखाली साल कोणतं घालू?"

"यंदाचं घाला," दाखलेसाहेब म्हणाले, आणि त्यांनी गालावरचा रुमाल काढून डोळ्यांना लावला.